गाडी उभी, बॅटरी आडवी

जून उजाडला की विरारच्या मनवेलपाडा रस्त्याच्या कडेला एक दृश्य हमखास दिसतं. मे महिनाभर एकाच जागी उभ्या असलेल्या शाळेच्या व्हॅनवरची धूळ पुसली जाते, आरसे सरळ केले जातात, ड्रायव्हर चावी फिरवतो. डॅशबोर्डवरचे दिवे लागतात, हॉर्नही वाजतो. इंजिनाकडून मात्र नुसतं 'टक... टक... टक' येतं. मग आजूबाजूची चार पोरं गोळा होतात, धक्का मारला जातो आणि कोणीतरी निकाल देऊन टाकतो : "बॅटरी गेली."

हाच प्रसंग गणपतीच्या तोंडावर पर्यटनाच्या गाड्यांवर येतो. पावसाळ्यात धंदा थंड असतो, ट्रॅव्हलर दोन-दोन महिने हलत नाही आणि कोकणात जायचं बुकिंग आलं की नेमकी रुसते. जुन्या व्हॅनमध्ये पलंग, पंखा आणि छोटा ओटा बसवून सुट्टीपुरतं फिरतं घर करणाऱ्या हौशी मंडळींची गतही निराळी नाही. महाराष्ट्र शासनाने २०२१मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणल्यापासून अशा गाड्यांची चर्चा वाढली आहे. पण फिरतं घर वर्षातले बरेचसे दिवस उभंच असतं, हे त्या चर्चेत फारसं येत नाही.

प्रश्न दोन आहेत. दिवे लागतात, हॉर्न वाजतो, तर इंजिन का फिरत नाही? आणि काल-परवापर्यंत ठणठणीत असलेली बॅटरी काहीही काम न करता, नुसती विश्रांती घेऊन कशी संपते?

दिव्याची भूक आणि सेल्फची भूक

ब्रेकलाइटचा २१ वॅटचा बल्ब १२ व्होल्टच्या बॅटरीकडून पावणेदोन अँपिअर घेतो. हेडलाइटचा एक बल्ब पाचेक अँपिअर. गॅरेजात जिला सेल्फ म्हणतात ती स्टार्टर मोटर मात्र डिझेल इंजिन फिरवताना दीडशे-दोनशे अँपिअर ओढते; इंजिन जागचं हलतं त्या पहिल्या क्षणी तर त्याहून कितीतरी जास्त. डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नसतो. हवा इतकी दाबायची की ती तापून डिझेल आपोआप पेटलं पाहिजे. मॅटाडोरच्या जुन्या इंजिनात ही हवा एकविसाव्या हिश्श्याइतकी दाबली जाते. एवढा दाब द्यायला ताकद लागते आणि शिवाय त्याआधी हीटर प्लग तापवायला वीज खर्च होते ती वेगळीच.

म्हणून अर्धमेली बॅटरी दिवे लावते पण सेल्फपुढे हात टेकते. सेल्फने विजेचा मोठा घास घेताच तिचा व्होल्टेज आठ-नऊपर्यंत कोसळतो, सेल्फवरचा स्विच सुटतो. भार गेल्याने व्होल्टेज पुन्हा वर येतो, स्विच पुन्हा ओढला जातो. ती 'टक-टक' म्हणजे हीच ओढाताण.

आता एक गंमत बघा. सेल्फने २०० अँपिअर तीन सेकंद घेतले, तर बॅटरीतून गेलेला एकूण साठा भरतो ०.१७ अँपिअर-तास. म्हणजे १०० अँपिअर-तासांच्या बॅटरीतला पाव टक्कासुद्धा नाही! गाडी रस्त्यावर आली की इंजिनावर फिरून वीज बनवणारा अल्टरनेटर ही तूट काही मिनिटांत भरून काढतो. थोडक्यात, रोज दहा वेळा सुरू होऊन धावणारी गाडी बॅटरीला दमवत नाही. दमवते ती उभी गाडी.

थेंबाथेंबाची गळती

चावी काढली म्हणजे सगळं बंद झालं, असं वाटतं. तसं नसतं. म्युझिक सिस्टिमची स्मृती, घड्याळ, चोरी रोखणारा अलार्म, जीपीएस ट्रॅकर, मागाहून कोणीतरी जोडलेला मोबाइल चार्जर ही सगळी मंडळी रात्रंदिवस थोडीथोडी वीज पीत असतात. जुन्या गाडीत तर पंधरा वर्षांत पंधरा हातांनी वायरी ओढलेल्या असतात. त्यातली कुठली फ्यूजमधून आली आहे आणि कुठली थेट बॅटरीवरून, हे मालकालाही सांगता येत नाही.

ही सगळी गळती मिळून ५० मिलिअँपिअर धरू. आकडा क्षुल्लक दिसतो, पण दिवसाला होतात १.२ अँपिअर-तास, म्हणजे वर सांगितलेले सात स्टार्ट. एक मे ते पंधरा जून असे ४५ दिवस गाडी उभी राहिली तर ५४ अँपिअर-तास. म्हणजे शंभराच्या बॅटरीतला निम्म्याहून जास्त साठा गाडी इंचभरही न हलता गेला. त्यात बॅटरी स्वतःच्या आतही हळूहळू उतरत असते आणि उन्हाळ्यात हे उतरणं आणखी वेगाने होतं. पत्र्याच्या बंद गाडीत मे महिन्यात काय तापमान असतं, ते विरारकरांना सांगायला नको.

गळती शोधणं अवघड नाही. गाडी बंद करायची, दरवाजे लावायचे, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढायची आणि वायर व टर्मिनल यांच्या मध्ये मल्टिमीटर अँपिअरवर ठेवून जोडायचा. (मीटर जोडलेला असताना चुकूनही सेल्फ मारायचा नाही, नाहीतर मीटर जळतो.) आकडा ५० मिलिअँपिअरच्या खाली असेल तर ठीक. दोनशे-तीनशे दिसला तर एकेक फ्यूज काढत जायचं. ज्या फ्यूजला आकडा धपकन उतरतो, चोर त्या वाटेवर आहे. आणि एकही फ्यूज काढून आकडा उतरला नाही, तर बॅटरीवरून थेट ओढलेल्या वायरींवर नजर टाकायची. बहुतेक वेळा तिथेच म्युझिक सिस्टिम सापडते.

साखर, पाक आणि खडीसाखर

गळती थांबवली आणि उतरलेली बॅटरी चार्जिंगला लावली की प्रश्न मिटायला हवा. पण महिनाभर उतरलेल्या अवस्थेत पडलेली बॅटरी चार्ज होऊनही पहिल्यासारखी राहत नाही. का, ते बघायला तिच्या आत डोकवावं लागतं.

१८५९मध्ये गॅस्टन प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने शिशाचे पत्रे गंधकाम्लात बुडवून पुन्हापुन्हा चार्ज होणारी पहिली बॅटरी केली. आज ट्रॅव्हलरच्या सीटखाली असते ती बॅटरी मुळात तीच आहे. तिच्यात सहा कप्पे, म्हणजे सेल असतात. प्रत्येक सेल साधारण २.१ व्होल्टचा, म्हणून पूर्ण चार्ज असताना एकूण १२.६ किंवा किंचित जास्त. प्रत्येक सेलमध्ये दोन प्रकारच्या प्लेट असतात : एक शिशाची, दुसरी शिशाच्या ऑक्साइडची. वीज बाहेर जाते तेव्हा आम्लातला गंधकाचा भाग प्लेटवर चिकटतो आणि दोन्ही प्लेटवर लेड सल्फेट तयार होतं. आम्ल पातळ होत जातं. चार्ज करताना हेच उलट : सल्फेट विरघळतं, आम्ल पुन्हा घट्ट होतं.

ताजं सल्फेट पिठीसाखरेसारखं बारीक असतं, चार्जिंगची वीज लागताच विरघळतं. पण बॅटरी उतरलेली ठेवून दिली, की पाकात दोरा सोडून खडीसाखर करतात तसं होतं. बारीक कण हळूहळू एकमेकांना गिळून मोठे, कडक खडे बनतात. खड्याच्या आतपर्यंत वीज पोचत नाही, तो विरघळत नाही आणि प्लेटचा तेवढा भाग कायमचा निकामी होतो. याला सल्फेशन म्हणतात. उतरलेल्या बॅटरीला आठवड्याभरात चार्जर लावला तर बहुतेक सल्फेट परत जातं. दोन महिन्यांनी लावला तर चार्जर 'फुल' दाखवतो, बॅटरी मात्र निम्म्या ताकदीची उरलेली असते.

याचा मोठा धडा मार्च २०२०मध्ये मिळाला. त्या महिन्याच्या १९ तारखेपासून मुंबईतली चित्रीकरणं आणि त्यांच्या दिमतीच्या गाड्या थांबल्या, आठवड्याभरात देशभर टाळेबंदी लागली आणि ज्या गाड्या एरवी दिवसाआड धावायच्या त्या महिनोन् महिने जागच्या हलल्या नाहीत. बंदी उठली तेव्हा गॅरेजांपुढे पहिली रांग लागली ती बॅटऱ्यांसाठी.

किती व्होल्ट म्हणजे किती साठा?

(गाडी बंद ठेवून निदान चार तासांनी, शक्यतो सकाळी मोजावं. आकडे १२ व्होल्टच्या साध्या बॅटरीचे, अंदाजे.)

१२.६ किंवा वर : पूर्ण भरलेली
१२.४ : पाऊण
१२.२ : निम्मी, आजच चार्जिंगला लावावी
१२.० : पाव
११.८ च्या खाली : रिकामी, एक दिवसही तशी ठेवू नये
सेल्फ फिरत असताना ९.६ च्या खाली : बॅटरी कमजोर किंवा उतरलेली
इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४ : अल्टरनेटर ठीक

दहा मिनिटं इंजिन चालू ठेवण्याचा भ्रम

उभ्या गाडीवर बऱ्याच मालकांचा एक ठरलेला उपाय असतो : दर रविवारी खाली जाऊन दहा मिनिटं इंजिन चालू ठेवायचं. त्याने मनाला बरं वाटतं, बॅटरीला नाही. मंद गतीवर जुना अल्टरनेटर फार थोडी वीज देतो आणि आठवड्याभराची गळती व हीटर प्लगचा खर्च त्यातून भरून निघत नाही. बॅटरीचा वरचा पाव हिस्सा तर नेहमीच सावकाश भरतो, तिथे घाई चालत नाही. त्यापेक्षा पंधरा दिवसांतून एकदा गाडी रस्त्यावर काढावी. मनवेलपाड्याहून महामार्ग गाठून शिरसाड फाट्यावरून वज्रेश्वरीपर्यंत जाऊन यावं. तेवढ्यात बॅटरीही भरते आणि टायर, ब्रेक, इंजिनाचं तेल यांचंही भलं होतं.

तेही जमणार नसेल तर सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे दहा नंबरचा पाना. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर बॅटरी पूर्ण चार्ज करून निगेटिव्ह वायर सोडून ठेवावी. गळती शून्य. काढताना निगेटिव्ह आधी, लावताना निगेटिव्ह शेवटी. गाडीचा अख्खा पत्रा निगेटिव्हला जोडलेला असतो, त्यामुळे पॉझिटिव्ह सैल करताना पाना पत्र्याला लागला तर ठिणग्यांचा फवारा उडतो. निगेटिव्ह आधीच सुटलेली असेल तर तो धोका राहत नाही.

चार्जरही सावकाश हवा. १०० अँपिअर-तासांच्या बॅटरीला १० अँपिअरने रात्रभर, असा जुना हिशेब आहे आणि तो आजही खरा आहे. दुकानात तासाभरात 'फास्ट चार्ज' करून दिलेली बॅटरी गरम होते, पाणी उडतं, प्लेट वाकतात. चार्ज होताना हायड्रोजन वायू निघतो आणि तो स्फोटक असतो. म्हणून खोली उघडी हवी आणि जवळ विडी-सिगारेट नको.

फिरत्या घरात दोन चुली

पर्यटनाच्या किंवा राहण्याच्या गाडीत आणखी एक घोटाळा होतो. रात्री मुक्कामाला पंखा, दिवे, मोबाइल, गाणी हे सगळं गाडी सुरू करण्याच्याच बॅटरीवर चालवलं जातं. ही बॅटरी या कामासाठी बनवलेलीच नसते. तिच्या प्लेट पातळ आणि पुष्कळ असतात, जेणेकरून क्षणभर प्रचंड वीज देता यावी. घरच्या इन्व्हर्टरच्या ट्युब्युलर बॅटरीत प्लेट जाड असतात. ती तासन् तास थोडी थोडी वीज देऊन रोज रिकामी होऊ शकते. स्टार्टरच्या बॅटरीला काही डझन वेळा पूर्ण उतरवलं की तिचा कारभार आटोपतो.

मुंबईच्या चित्रपटसृष्टीने हा धडा कधीच घेतला आहे. अभिनेत्री पूनम ढिल्लों यांनी १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला व्हॅनिटी व्हॅन आणली असं मानलं जातं. आज नायगावच्या मालिकांच्या सेटवर उभ्या असतात त्या याच जातीच्या गाड्या, एक प्रकारची फिरती घरंच. त्यात आरशाभोवतीचे दिवे नि एसी यांचा संसार जनरेटर आणि स्वतंत्र बॅटऱ्यांवर चालतो, इंजिनाची बॅटरी वेगळी. हौशी गाडीतही हेच करावं : घराची बॅटरी निराळी आणि दोघींच्या मध्ये एक रिले. इंजिन चालू असताना रिले दोघींना जोडतो, बंद होताच तोडतो. जुन्या गाडीत हा रिले चिकटून बसण्याचा रोग असतो. मग रात्रीचा पंखा दोन्ही बॅटऱ्या पितो आणि सकाळी दोष बिचाऱ्या नव्या बॅटरीवर येतो. इंजिन बंद असताना रिलेच्या दोन्ही टोकांवर मीटर लावून हे दोन मिनिटांत कळतं.

मोठ्या बसमध्ये १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडून २४ व्होल्ट केलेले असतात. तिथे म्युझिक सिस्टिमसाठी दोनपैकी एकाच बॅटरीवरून १२ व्होल्ट काढण्याची खोड सार्वत्रिक आहे. ती एक कायम उपाशी राहते आणि दुसरी गरजेपेक्षा जास्त चार्ज होऊन उकळते. दोन्ही लवकर मरतात. यावर उपाय २४ चे १२ करणारा कन्व्हर्टर. आणि बदलताना दोन्ही बॅटऱ्या एकदम, एकाच मापाच्या.

आरोपी बॅटरीच कशावरून?

'बॅटरी गेली' हा निकाल अनेकदा साक्षीपुरावे न तपासता दिला जातो. जुन्या गाडीत, विशेषतः खाऱ्या हवेच्या पट्ट्यात, संशय आधी वायरींवर घ्यावा. विरारपासून अर्नाळ्याचा समुद्र काही लांब नाही. टर्मिनलवर पांढरी-हिरवी भुकटी साचते, इंजिनापासून चॅसीकडे जाणारी अर्थची जाड पट्टी आतून गंजते. वरून सगळं घट्ट दिसतं. पण त्या जोडात एका ओहमच्या शंभराव्या भागाइतका जरी अडथळा आला, तरी २०० अँपिअर वाहताना तिथे दोन व्होल्ट खर्ची पडतात आणि सेल्फपर्यंत दहाच पोचतात. नव्या बॅटरीने या गाडीचं काहीही भलं होणार नाही.

टर्मिनल काढून कोमट पाण्यात खाण्याचा सोडा कालवून धुवावेत, कोरडे करून घासावेत, घट्ट बसवून वर व्हॅसलीनचा हात फिरवावा. सोड्याचं पाणी सेलच्या झाकणातून आत जाऊ द्यायचं नाही, एवढी काळजी. अर्थची पट्टी सोडून दोन्ही टोकं पत्र्यापर्यंत चकचकीत करावीत. त्यानंतर अल्टरनेटर. इंजिन चालू असताना बॅटरीवर १३.२ च्या खाली व्होल्ट दिसले तर चार्जिंग होत नाही, पट्टा ढिला आहे का बघावं. १५ च्या वर दिसले तर कट-आऊट, म्हणजे व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर, बिघडला आहे. बॅटरी उकळते, कुजक्या अंड्याचा वास येतो आणि कितीही पाणी घाला, पुरत नाही.

पाण्यावरून आठवलं. झाकणं असलेल्या बॅटरीत पाणी प्लेटच्या वर असायलाच हवं. उघडी पडलेली प्लेट वाळते आणि परत येत नाही. ओतायचं ते फक्त डिस्टिल्ड वॉटर. नळाचं, टँकरचं, बोअरचं पाणी नको, त्यातले क्षार आणि लोह बॅटरीला आतून पोखरतात. एसीतून गळणारं पाणी शुद्ध असतं असा एक समज आहे. ते गंजक्या कॉइलवरून आणि धुळीतून येतं, म्हणून तेही नकोच. आणि आम्ल तर कधीच घालू नये. उडून जातं ते पाणी, आम्ल आतच राहतं.

नवी घेताना

इतकं करूनही बॅटरी रात्रभर चार्ज झाल्यावर सकाळी १२.४ च्या खाली येत असेल, किंवा आम्लाचा घट्टपणा मोजणाऱ्या हायड्रोमीटरवर पाच सेल एक आकडा आणि सहावा भलताच कमी दाखवत असेल, तर मात्र तिचा निरोप घ्यावा. एक सेल मेला की बॅटरी मेली. आपल्या हवेत चांगल्या देखभालीची बॅटरी चार वर्षं गेली तर समाधान मानावं. बर्फाळ देशांत बॅटऱ्या थंडीत मान टाकतात. आपल्याकडे मारतो तो उन्हाळा, कारण तापमान दहा अंशांनी वाढलं की आतली झीज साधारण दुप्पट होते.

जुन्या गाडीला नवी बॅटरी निवडताना गोंधळ उडतो, कारण मधल्या काळात कोणीतरी भलत्याच मापाची बसवलेली असते. बजाज टेंपोने मॅटाडोर १९६९मध्ये आणि ट्रॅव्हलर १९८७मध्ये बाजारात आणली. कंपनीचं नाव २००५मध्ये फोर्स मोटर्स झालं. इतक्या वर्षांत इंजिनं बदलली, बॅटरीची मापंही बदलली. म्हणून जुन्या बॅटरीवरचा आकडा न बघता गाडीच्या पुस्तिकेतला आकडा बघावा. पुस्तिका हरवली असेल तर त्याच इंजिनाच्या दुसऱ्या गाडीवरून ठरवावं. पॉझिटिव्ह टर्मिनल कोणत्या बाजूला आहे तेही बघावं, नाहीतर वायर पुरत नाही आणि ताणून बसवावी लागते. मोठी बॅटरी म्हणजे चांगली, हा हिशेबही फसवा : गळती असेल किंवा अल्टरनेटर अशक्त असेल, तर मोठी बॅटरी फक्त चार दिवस उशिरा उतरते.

दुकानात दोन गोष्टी अडून विचाराव्यात. एक, उत्पादनाचा महिना. सहा महिन्यांहून जुना माल घेऊ नये, कारण फळीवर पडलेली बॅटरीही उतरत असते. दुसरी, बसवण्याआधी मीटरवर दिसणारे व्होल्ट. ते १२.४ च्या खाली असतील तर बॅटरी आधी चार्ज करून मागावी. आणि बसवल्यावर वरची पट्टी आवळायला विसरू नये. महामार्गावरच्या खड्ड्यांत सैल बॅटरी नाचते, प्लेटवरचा लेप गळून तळाशी साचतो आणि वॉरंटी संपायच्या आत एक सेल शॉर्ट होतो.

जुन्या डिझेल गाडीची एक जमेची बाजूही सांगायला हवी. ज्या इंजिनाचा डिझेल पंप निव्वळ यांत्रिक आहे, ते धक्क्यावर सुरू होऊ शकतं. अलीकडच्या इंजिनांत डिझेल किती आणि कधी सोडायचं हे संगणक ठरवतो, त्याला वीज नसेल तर धक्का मारून घामाखेरीज काही निघत नाही. मात्र बॅटरी पार शून्यावर असेल तर धक्क्याने सुरू झालेल्या गाडीतही अल्टरनेटर जागा होत नाही, कारण त्याला सुरुवातीला थोडी वीज बॅटरीकडूनच लागते.

जुनी बॅटरी जाते कुठे?

बॅटरीच्या वजनातला निम्म्याहून जास्त भाग शिसं असतो आणि ते जवळजवळ सगळं पुन्हा वापरता येतं. म्हणूनच दुकानदार नवीच्या किमतीतून जुनीचे पैसे वजा करतो. केंद्र सरकारच्या २०२२च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या परत गोळा करून अधिकृत ठिकाणी पुनर्वापराला पाठवण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. पण गल्लीतला भंगारवाला शे-दोनशे रुपये जास्त देतो आणि अनेकांची बॅटरी त्याच्याकडे जाते. तिथे आम्ल गटारात ओतलं जातं आणि शिसं उघड्या भट्टीत वितळवलं जातं. युनिसेफ आणि प्युअर अर्थ यांच्या २०२०च्या अहवालानुसार जगातल्या सुमारे ८० कोटी मुलांच्या रक्तात शिशाचं प्रमाण चिंताजनक पातळीच्या वर आहे आणि अशा उघड्यावरच्या बॅटरी-फोडीचा त्यात मोठा वाटा आहे. शे-दोनशे रुपयांवर पाणी सोडा, जुनी बॅटरी नवीच्याच दुकानात द्या आणि ती घेतल्याची नोंद बिलावर करून घ्या.